दार कुणी उघडायचं?

(महिला दिनानिमित्त भरलेल्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात, पुण्यात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात जसं आलं तसंच बहुतांशी ठेवलं आहे.)

संयोजक मैत्रिणींनी मला 'घरकाम' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. तयारीसाठी वही उघडून बसले आणि बेल वाजली. दार उघडलं तर शेजारच्यांचं पार्सल. "मॅडम, ते घरी नाहीत, तुमच्याकडे ठेवा म्हणाले." ठेवून घेतलं. परत येऊन बसले तर पुन्हा बेल. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा दाराशी जाता जाता मी जे पुटपुटले ते इथे माइकवर सांगण्यासारखं नाही. मग म्हटलं, आज या बेलवरच बोलू.

काहीजणी हसताय. हसा. बाया घराबाहेर काढल्या जाताहेत, रेशन मिळत नाही, पाण्याचे हाल आहेत, आणि ही बाई दारावरच्या बेलचं रडगाणं घेऊन आली, असं कुणाच्या मनात आलं असेल तर माझ्याही आलं होतं. पण चुलीचा धूरही एकेकाळी किरकोळच होता. नळावरची रांगही किरकोळच होती. 'त्यात काय एवढं' असं जिथे जिथे म्हटलं जातं तिथे कुणाच्या तरी श्रमाचा हिशेब मांडायचा राहिलेला असतो, हे आपण एकमेकींकडूनच शिकलो ना?

तर मी हिशेब मांडला. गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, बेल वाजली की एक रेघ मारायची असं ठरवलं. सकाळी दूध. मग कचरा. मग इस्त्रीचे कपडे. नवऱ्याच्या बँकेचं पाकीट. टाकी धुणार म्हणून सोसायटीची नोटीस, तिच्यावर सही. मुलाने मागवलेले बूट. शेजारच्यांचं पार्सल, आणि दुपारी त्यांचंच दुसरं. गॅस. चुकून आलेला एकजण, त्याला बी विंग हवी होती. अकरावी रेघ संध्याकाळची, तिच्याबद्दल नंतर सांगते. या अकरांत माझ्यासाठी म्हणून आलेलं काहीही नव्हतं. त्या दिवशी घरात मी एकटी नव्हते, हेही सांगायला हवं. नवरा घरूनच काम करत होता. त्याच्या खोलीचं दार बंद, कानाला हेडफोन. मीही काम करत होते, समुपदेशन केंद्राचा सहामाही अहवाल लिहीत होते. फक्त माझं टेबल बैठकीच्या खोलीत, दारापासून सात पावलांवर. ते टेबल तिथे कुणी ठेवलं? मीच. का ठेवलं, तर 'बेल ऐकू यावी म्हणून'. पंचवीस वर्षं चळवळीत काढून ही गत!

माझा नवरा वाईट माणूस नाही. मदत कर म्हटलं तर करतो. पण बेल वाजली की ती माझ्यासाठी वाजते, हे आमच्या घरात कुणी कुणाला न सांगता ठरलेलं आहे. भिंतीला जसा रंग असतो तसं ते आहे. आणि ज्या घरांत बाई बाहेर कामाला जाते, तिथे ते काम दुसऱ्या बाईकडे जातं. सासूबाई गुडघे धरत उठतात. किंवा आपण आतून ओरडतो, "मावशी, बघता का जरा कोण आहे?" मावशींचे दोन्ही हात साबणाच्या फेसात असतात. घरकामगारांच्या हक्कांसाठी मोर्चे काढलेल्या घरांतही हे घडतं. मी पाहिलंय. केलंयही.

आपल्या पुण्याला पाट्यांचं कौतुक भारी. 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये' ही तर सगळ्यांत प्रसिद्ध. लोक तिचे फोटो काढतात, हसतात. मला कुतूहल एवढंच, की ती पाटी कुणाच्या झोपेसाठी लागली? आमच्या वाड्यात अशी पाटी होती, आमच्या आजोबांची. दुपारी एकला ते आडवे व्हायचे. आजी त्याच वेळी मागच्या दाराने बोहारणीशी जुन्या साड्यांचा सौदा करायची, निवडण-टिपण करायची, आणि चारला बरोबर चहाचं आधण ठेवायची. मागच्या दाराला पाटी नव्हती.

आता तर येणाऱ्यांची संख्याच वाढली आहे. पूर्वी माणूस वस्तूकडे जात असे, आता वस्तू माणसाकडे येते. मला त्याबद्दल तक्रार करायची नाही. तान्ह्या बाळाच्या आईला, पायाने अधू असलेल्या बाईला, एकट्या राहणाऱ्या म्हातारीला औषध घरी येतं याचं मोल मोठं आहे. पण वस्तू घरी येते म्हणजे ती घ्यायला कुणीतरी घरी असावं लागतं, आणि हे कुणीतरी कोण, याचा विचार ॲप बनवणाऱ्यांनी केलेला नाही. गरजच नाही, उत्तर त्यांना गृहीतच धरता येतं. मुलगा कॉलेजात बसून बूट मागवतो, पैसे बापाच्या खात्यातून जातात आणि दाराशी आई उभी. पार्सल देणारा विचारतो, "ओटीपी सांगा." ओटीपी मुलाच्या फोनवर. मुलगा तासाला बसलेला, फोन बंद. दाराच्या आत ती अवघडलेली, दाराबाहेर तो घामाघूम, आणि दोघांच्या मध्ये तो चार आकड्यांचा नंबर, जो दोघांकडेही नाही.

गॅसचंही तेच. २०२० पासून सिलिंडर घेताना मोबाइलवर आलेला कोड सांगावा लागतो. काळाबाजार थांबावा म्हणून ते केलं, हेतू चांगला. पण आमचं गॅसचं कार्ड अजून सासऱ्यांच्या नावावर, मोबाइल नंबर नवऱ्याचा, आणि सिलिंडर उचलून, सील बघून, वजन करून घेणारी मी. २०१६ च्या उज्ज्वला योजनेत जोडणी बाईच्या नावावर दिली गेली, ही त्यातली चांगली गोष्ट. पण आमच्या वस्तीतल्या बाया सांगतात, नाव माझं आणि फोन त्याचा. तो फोन घेऊन कामावर जातो. मग कोडसाठी शेजारणीच्या फोनवरून त्याला फोन लावा, आणि तो कामात असेल तर शिव्या खा.

वाट बघणं हे तर मी रेघांमध्ये धरलंच नव्हतं. 'आज येईल' एवढंच कळतं. आज म्हणजे केव्हा? मग आंघोळ उरकून घ्यायची, भाजीला जायचं पुढे ढकलायचं, संडासात गेलं तरी कान दाराकडे. बाहेर गेलं आणि नेमकं तेव्हाच येऊन गेलं, तर संध्याकाळी ऐकून घ्यायचं, "दिवसभर घरीच होतीस ना, मग?"

हे काम मोजलं जातं का? सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, पुन्हा २०२४ साली केली. आपल्या चळवळीने कित्येक वर्षं मागितलेली ही पाहणी, म्हणून तिचं स्वागतच आहे. २०२४ चा आकडा असा, की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. हे तुम्हाला तोंडपाठ असेल. पण त्या पाहणीची पद्धत बघा. दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, आणि एका रकान्यात दहा मिनिटं किंवा जास्त चाललेलीच कामं लिहायची. दार उघडायला लागतं एक मिनिट. ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. अकरा वेळा उठले तरी माझ्या रकान्यात 'अहवाल लिहिला' एवढंच येणार. त्या अकरा मिनिटांनी माझा दिवस कसा चिरफाळला, हे दाखवायला कागदावर जागा नाही.

आणि माझं काय, अहवाल रात्री पुरा झाला. वस्तीतली आमची एक मैत्रीण घरी गाऊन शिवते, नगावर पैसे. तिच्याकडे बेल नाहीच. दार उघडं असतं, उजेडासाठी. सोसायट्यांचा पत्ता विचारणारे, समोरच्या किराणावाल्याकडे ठेवायची पार्सलं 'ताई, तुमच्याकडे ठेवू का' म्हणणारे, हप्त्याचे पैसे मागायला येणारे, सगळे तिच्या उंबऱ्यात. "तू काय, घरीच असतेस," असं म्हणतात. ती म्हणाली, "मशीनवरून उठलं की शिलाई वाकडी जाते. उसवून पुन्हा मारायची. उसवायचे पैसे कोण देतं?" घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. घर हीसुद्धा कामाची जागा आहे, हे त्यात मान्य केलं. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. सरकारने सोडा, तिच्या जावेनेही दिलेली नाही.

आता ती अकरावी रेघ.

संध्याकाळचे साडेसात. कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या, तिसरीची वाट. बाहेर धो धो पाऊस. बेल वाजली. मी तणतणतच दार उघडलं. तिशीतली एक बाई, रेनकोटातून पाणी निथळतंय, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. पार्सल होतं मुलीचं. तिने ते दिलं, फोनवर फोटो काढला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, जरा बाथरूमला जाऊ का? दुपारपासून कुठे जमलं नाही."

मी म्हटलं, "खाली वॉचमनला विचारा," आणि दार लावलं. आपटलं नाही, पण लावलं.

"बरं ताई," म्हणाली ती. दाराच्या भोकातून मला दिसलं, ती जिन्याने उतरत होती. आमच्या लिफ्टशेजारी पाटी आहे, घरकामगार व डिलिव्हरीवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी. मागची लिफ्ट त्या आठवड्यात बंद होती. आम्ही पाचव्या मजल्यावर.

खाली संडास आहे. त्याला कुलूप असतं आणि किल्ली ऑफिसात. ऑफिस सहाला बंद होतं. वॉचमन स्वतः पार्किंगच्या मागे जातो. हे सगळं मला माहीत होतं, मैत्रिणींनो, दार लावताना माहीत होतं. २०११ साली मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली, तेव्हा तिच्या पाठिंब्याला पुण्यात सह्या गोळा करणाऱ्यांत मी होते. बाजारपेठेत उभं राहून मी भाषणं ठोकली होती, की बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवी रोखून धरतात, त्याने आजार होतात. ती बाजारपेठ माझ्या दाराशी आली आणि मी तिला वॉचमनकडे पाठवलं. कुकर बंद करून पाचेक मिनिटांनी मी खाली गेले. ती गेलेली होती.

त्या रात्री मी खूप विचार केला. माझा राग खोटा नव्हता. दिवसभर दहा वेळा मला उठवलं गेलं होतं आणि तो राग मी दिवसभर गिळला होता. नवऱ्यावर काढला नाही, मुलावर काढला नाही, ॲपवाल्यांवर काढायला ते कुठे भेटतात? काढला तो समोर उभी असलेल्या, उलट बोलू न शकणाऱ्या बाईवर. आपण केंद्रात बसून पुरुषांच्या रागाबद्दल हेच सांगतो ना, की तो साहेबावर निघत नाही, घरी निघतो?

आणि ती तरी आपल्या वेळेची मालकीण होती का? दर पार्सलमागे पैसे. मी दार उघडायला दोन मिनिटं लावली तर ती दोन मिनिटं तिची बुडतात, म्हणून ती बेलवर बोट दाबून धरते. आणि ती बोट दाबून धरते म्हणून मी चिडते. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात अंदाज दिला होता, की २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख गिग कामगार होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचं नाव कायद्यात आलं, राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला. पण कंपनी त्यांना कामगार म्हणत नाही, 'पार्टनर' म्हणते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ॲपवरून घरोघरी जाऊन ब्युटीपार्लरचं काम करणाऱ्या बाया गुरुग्रामला कंपनीच्या कार्यालयाबाहेर जाऊन बसल्या, कमिशन आणि दंडाविरुद्ध. रोज दुसऱ्यांच्या दाराशी उभं राहणाऱ्या बायांना हे दार सापडायला किती हिंमत लागली असेल!

दाराशी येणाऱ्या बायका आपल्याला नव्या नाहीत. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, आणि २००८ पासून 'स्वच्छ' संस्थेतर्फे त्या घरोघरचा कचरा घेतात. आमच्या मजल्यावर येणारी ताई सांगते, "बेल वाजवली की दाराच्या फटीतून नुसता हात बाहेर येतो. तोंड दिसत नाही. चार वर्षं झाली, काही घरांतल्या बायकांना मी हातावरूनच ओळखते." २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई ताप आणि ऑक्सिजन मोजत दारोदार फिरल्या. किती दारं त्यांच्या तोंडावर बंद झाली ते त्यांना विचारा. पुढच्या जूनमध्ये त्यांना मानधनासाठी संप करावा लागला.

इथे केंद्रात काम करणाऱ्या मैत्रिणी बसल्या आहेत, त्यांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. सगळ्या बायकांना बेलचा नुसता वैताग येत नाही. माहेरी परत आलेल्या एका मुलीला नवऱ्याने चार माणसं घेऊन येऊन रात्री दार ठोठावलं होतं. तेव्हापासून दिवसाढवळ्या दूधवाला आला तरी तिच्या पोटात गोळा यायचा. घरचे म्हणायचे, "किती घाबरतेस, पार्सलच आहे." आणि तेच घरचे दुसऱ्या तोंडाने सांगायचे, "एकटी असताना दार उघडू नकोस." मग पार्सल कोण घेणार? बाईने दार उघडायचंही आणि उघडायचंही नाही. काही आगळीक झाली तर 'तू उघडलंसच कशाला' हा प्रश्न तयार.

आणि हीच बेल आपल्या उपयोगाचीही आहे. २००८ मध्ये 'बेल बजाओ' मोहीम निघाली होती. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला तर जा, बेल वाजवा, वाटीभर साखर मागा, किती वाजले विचारा, काहीही. त्या एका बेलने उगारलेला हात थांबतो. म्हणजे दार वाजूच नये, अशी पाटी मला माझ्या दाराला लावायची नाही. माझं भांडण वाजण्याशी नाही. ते मीच का उघडायचं, आणि बाहेर उभी असलेली बाई कुणाच्या तालावर धावते आहे, याच्याशी आहे.

मग मी काय केलं ते सांगते, फार काही नाही. घरातल्या सगळ्या ऑर्डरींवरचा माझा नंबर काढून ज्याची ऑर्डर त्याचा नंबर टाकायला लावला. पहिल्या आठवड्यात नवऱ्याला बैठकीत चार वेळा फोन आले. तो म्हणाला, "हे फार होतंय गं, कामच होत नाही." मी म्हटलं, "हो." टेबल आतल्या खोलीत हलवलं. दोन पार्सलं परत गेली, आकाश कोसळलं नाही. गॅसचा नंबर बदलून घेतला, त्याला मात्र एजन्सीत तीन खेपा झाल्या, कारण सासऱ्यांची सही लागते.

दुसरं काम सोसायटीचं. खालचा संडास सकाळी आठ ते रात्री दहा उघडा ठेवावा, आत दिवा, पाणी आणि कडी असावी, आणि लिफ्टजवळची पाटी काढावी, असा अर्ज दिला. वार्षिक सभेत एका सदस्याने विचारलं, "उद्या कुणीही येऊन बसलं तर?" मी म्हटलं, संडासात कुणी किती वेळ बसणार? लोक हसले, पण ठराव पुढे ढकलला. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहतं घर हीसुद्धा कामाची जागा धरली आहे आणि नोकरीच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती जागाही. या आधारावर सोसायट्यांची काही जबाबदारी लावता येईल का, याबद्दल आपल्यातल्या वकील मैत्रिणींशी मला जेवणाच्या सुट्टीत बोलायचं आहे.

सध्या एवढं झालं आहे, की संडासाची एक किल्ली वॉचमनकडे आली. पाटी अजून तिथेच आहे. अर्जावर बत्तीस घरांपैकी अकरा घरांच्या सह्या आहेत, त्यातल्या नऊ बायकांच्या. पुढच्या रविवारी मी पुन्हा फिरणार आहे, घरोघर. दुपारी एक ते चार सोडून.